सातवा रकाना

वन्संना माझे कान दिसतात, पण नाक दिसत नाही. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला मधोमध काहीतरी झालं आहे. कडेचं सगळं दिसतं, आणि ज्याच्याकडे रोखून बघावं तेवढंच नेमकं पुसून जातं. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. घरी येताना रिक्षात वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरं झालं, आता तुझं रडकं तोंड बघायला नको." आणि स्वतःच हसल्या. मला हसू आलं नाही. तेही त्यांना दिसलं नसणार.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आधी महूला, मग इंदूरला. राजेंद्र नगरचं हे घर त्यांनी बांधलं, त्यामुळे त्या आमच्याकडे राहतात असं म्हणणं चुकीचं, आम्हीच त्यांच्याकडे राहतो. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी चौथी झालेली होती. बऱ्हाणपूरजवळच्या आमच्या गावात मराठी शाळा तेवढीच होती. पुढचं शिकवलं ते वन्संनी. मंडळाच्या वाचनालयातून दर आठवड्याला माझ्यासाठी एक पुस्तक आणायच्या आणि परत देताना विचारायच्या, "कसं होतं?" मी म्हणायचे, "छान." "छान म्हणजे काय?" त्यावर माझी बोलती बंद व्हायची. लोकांसमोर माझा आवाज गळ्यातच राहतो, अगदी घरच्या माणसांसमोरसुद्धा. म्हणून मी वहीत लिहायला लागले, तोंडाने जे यायचं नाही ते. ही वही त्यातलीच. ती कुणाला दाखवायची नाही.

मंडळ म्हणजे आमच्या भागातल्या मराठी घरांचं मंडळ. कुणाचे खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत होते, तर कुणी नोकरीसाठी परवा नागपूरहून आलेले, असे सगळे त्यात. ह्या सगळ्यांची एक सभासदवही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, जाडजूड. अकरा वर्षं ती वन्संच्या ताब्यात होती, त्यांच्या खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत, कुलूप लावून. एका घराला एक ओळ आणि ओळीला सात रकाने: नाव, पत्ता, फोन, सगळ्यांच्या जन्मतारखा, रक्तगट, मूळ गाव आणि सातवा, घरातल्या बाईचं माहेरचं आडनाव.

ही वही वन्सं कशी सांभाळायच्या ते सांगायला हवं. कुणी फोन करून म्हणालं, "ताई, जरा अमक्यांचा नंबर द्या ना," तर त्या द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "मी त्यांना विचारते. त्यांनी हो म्हटलं तर त्यांनाच तुम्हाला फोन करायला सांगते." लोक चिडायचे. एक काकू मला भाजीवाल्यापाशी म्हणाल्या होत्या, "तुमच्या नणंदबाई म्हणजे रिझर्व पोलीस आहेत अगदी." मी ते घरी सांगितलं नाही. पण वन्संना कुठून तरी कळलंच, आणि त्यांना ते आवडलं.

गेल्या दिवाळीनंतर मंडळाचे चिटणीस घरी आले. उत्साही माणूस, मनाने चांगला. आल्या आल्या म्हणाले, "ताईजी, अब ये वही-बिही छोडो. सगळं कॉम्प्युटरवर घेतोय आपण. गुढीपाडव्यानंतरच्या सभेत नवीन यादी काढायची, मस्त रंगीत, आणि ग्रुपवर टाकून द्यायची. ज्याला जो नंबर पाहिजे तो बघून घेईल. तुम्हाला कशाला तकलीफ?"

वन्संनी विचारलं, "आणि ती कॉम्प्युटरवरची वही कोण सांभाळणार?"

"अरे कोणी पण. टायपिंगवाला आहे ना एक, बाहेरचा. तुम्ही आता आराम करा. डोळे पण…" ते मध्येच थांबले.

"मी शिकले तर?"

चिटणीस हसले, वाईट नाही, आपण लहान मुलाला हसतो तसं. "शिका ना! जरूर शिका. सर्टिफिकेट आणा सभेपर्यंत, वही तुमच्याकडेच. जबान दिली."

ते गेल्यावर वन्सं बराच वेळ पेटी खाटेवर घेऊन तिच्यावर हात ठेवून बसल्या होत्या. मला वाटलं वाईट वाटलंय. मग म्हणाल्या, "अगं, आपल्या मुलीला फोन लाव. असलं शिकवतात कुठे ते विचार."

आमची मुलगी पुण्याला असते. तिने जुना लॅपटॉप पाठवला आणि एक फुकटचा अभ्यासक्रम शोधून दिला. माहिती सुरक्षित कशी ठेवायची त्याची सुरुवातीची ओळख, हिंदीतून, सगळं घरबसल्या. छोटे छोटे चाळीस धडे, प्रत्येक धड्याखाली प्रश्न, शेवटी परीक्षा आणि पास झालं की प्रमाणपत्र. वन्संच्या नावाने खातं उघडलं. पासवर्डही त्यांनीच ठरवला. आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की पडद्यावरचं त्यांना वाचता येत नाही. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज ऐकू यायचा, पण अर्धा अभ्यास लिहिलेलाच होता, त्यात मधेमधे इंग्रजी शब्द.

"तू वाच," वन्सं म्हणाल्या.

"मला इंग्रजी अक्षरं कुठे येतात?"

"हिंदी तर येतं. इंग्रजी मी शिकवते."

मग दुपारी जेवणं आटोपली की ओटा पुसून मी बसायची आणि वन्सं शेजारी, मान थोडी वाकडी करून, म्हणजे कडेच्या नजरेने पडद्याचा उजेड तरी दिसावा. इंग्रजी अक्षरं त्यांनी मला एक्स्चेंजच्या पद्धतीने शिकवली. तिथे फोनवर नाव नीट ऐकू आलं नाही तर एकेक अक्षर गावाच्या नावाने सांगायचे. ए आग्रा, बी बॉम्बे, सी कलकत्ता, डी दिल्ली. मी पडद्यावर बोट ठेवून म्हणायची, "एक उभी काठी, वर आडवी." त्या म्हणायच्या, "टी, त्रिवेंद्रम." दोन महिन्यांत माझा सगळा हिंदुस्थान फिरून झाला. अजूनही मला एम दिसला की आधी मद्रास आठवतं.

संध्याकाळी माझे मिस्टर राजवाड्याजवळच्या शेव-फरसाणाच्या दुकानातून घरी यायचे, चपला काढता काढता विचारायचे, "काय ताई, आज कोणती चोरी शिकलात दोघी?"

"तुझ्या बायकोला तुझ्या फोनचं कुलूप कळलंय," वन्सं एकदा म्हणाल्या.

"शक्यच नाही."

पण वन्सं म्हणाल्या ते खरं होतं. आदल्याच दिवशीच्या धड्यात होतं की नऊ ठिपक्यांवर बोट फिरवून कुलूप उघडायचं असेल तर काचेवर बोटाचा माग राहतो, तिरकं धरलं की दिसतो. मी माझाच फोन तिरका धरून बघितला. कणीक मळता मळता फोन घ्यायची माझी सवय. काचेवर पिठाची स्वच्छ रेघ होती, अगदी रांगोळी काढल्यासारखी. घरात येणाऱ्या कुणालाही वाचता आली असती. मिस्टरांच्या फोनवर पीठ नव्हतं, शेवेचं तेल होतं. त्यांनी फोन घेतला, तिरका धरला, आणि शर्टाला पुसला.

शिकवणाऱ्या बाई चष्मा लावायच्या, मागे एक कुंडी असायची. त्या घाई करायच्या नाहीत. वन्संना त्यांचा आवाज फार आवडायचा. "ही एक्स्चेंजमध्ये चालली असती," म्हणायच्या. त्यांच्याकडची ही सगळ्यात मोठी शाबासकी. सुरुवातीच्याच एका धड्यात बाईंनी सांगितलं की माहिती सांभाळायची म्हणजे तीन गोष्टी: गोपनीयता, अखंडता, उपलब्धता. मी ते तीन शब्द वाचले आणि मला काही बोध झाला नाही. वन्सं म्हणाल्या, "ह्यात नवीन काय आहे? आम्ही हेच करत होतो." मग त्यांनी सांगितलं. ट्रंक कॉल जोडला की दोन्हीकडचं माणूस आलंय हे कळण्यापुरतं एक वाक्य ऐकायचं आणि मग ऐकण्याचा खटका बंद करायचा. जोडून दिलं की आपला कान काढून घ्यायचा. कुणी निरोप दिला तर तो तसाच्या तसा पोचवायचा, एक शब्द आपला घालायचा नाही. आणि बाहेर काही का होईना, लाईन सुरू राहिली पाहिजे. "एवढंच आहे ते. नावं मोठी ठेवलीत."

"कधीच काही ऐकलं नाही तुम्ही?"

"ऐकलं ना. खटका बंद करायच्या आधी जे कानात पडायचं ते पडायचंच. महूला एकदा…" त्या थांबल्या. "एका बाईला तिच्या नवऱ्याबद्दल जे कळायला चार दिवस लागले ते मला चार दिवस आधी माहीत होतं. ती रोज बाजारात भेटायची. मी तिच्याशी भेंडीबद्दल बोलायची."

"काय कळलं होतं?"

वन्संनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे बघितलं. "ते सांगितलं तर मग काय राहिलं?"

इतक्या वर्षांनंतर, ती बाई आता कुठे असेल देव जाणे, तरी त्यांनी सांगितलं नाही. मला राग आला आणि त्याच वेळी असं वाटलं की माझं काही असेल तर ते ह्या बाईपाशी ठेवावं.

सत्ताविसावा धडा पासवर्ड विसरल्यावर काय होतं त्याचा होता. अशा वेळी समोरून गुप्त प्रश्न विचारतात, ज्याचं उत्तर तुम्हालाच माहीत असेल असा. पडद्यावर उदाहरणं होती. पहिल्या शाळेचं नाव. आवडता प्राणी. आणि तिसरं, आईचं लग्नाआधीचं आडनाव.

मी वाचता वाचता थांबले.

"काय झालं? पुढे वाच."

मला जे दिसलं होतं ते बोलावं की नाही हे कळेना. चुकत असेन, मी काय चौथी. वन्सं थांबून राहिल्या. त्यांना घाई नसते.

"वन्सं," मी म्हणाले, "हे तर आपल्या वहीत आहे. सातवा रकाना."

मी पुढे म्हणाले, "जी बाई आपल्या वहीत आहे ती कुणाची तरी आई आहे. म्हणजे त्या घरच्या सगळ्या मुलांचं उत्तर त्यात आहे. जन्मतारखा पण आहेत. फोन पण. एकाच ओळीत."

आमच्या लोकांत हे कुणाच्या डोक्यात येणं कठीणच. हळदीकुंकवाला नवीन बाई दिसली की तिला पाणी देण्याआधी विचारतात, माहेर कुठलं, माहेरच्या कोण तुम्ही? पाच मिनिटांत पाच जणींना पाठ. मला स्वतःला बोलायचं सुचत नाही तेव्हा मी हाच प्रश्न विचारते, तो एकच मला सहज येतो. ते गुपित असू शकतं असं मनात तरी कसं यावं?

वन्संनी हात पुढे करून लॅपटॉप बंद केला. उठल्या, भिंतीला हात लावत खोलीत गेल्या, पेटी उघडली आणि वही आणून माझ्या मांडीवर ठेवली.

"तो रकाना आधीच्या वहीत नव्हता," त्या म्हणाल्या. "मी आखला. अकरा वर्षांपूर्वी. मला वाटलं, बायका सासरी आल्या की त्यांचं आडनाव पुसलं जातं, निदान एका वहीत तरी राहू दे." मग म्हणाल्या, "आणि आता तो रंगीत करून सगळ्यांच्या फोनवर जाणार."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, मला काय माहीत होतं, तेव्हा कुठे हे सगळं होतं. वन्संनी एकदाही म्हटलं नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, "चूक माझी, सापडली तुला. सभेत दोन्ही सांगायचं." मी मनात म्हटलं, सांगाल तुम्ही, मी कशाला.

होळीच्या सुमारास धडे संपले. सभेला पंधरवडा राहिला होता. आम्ही परीक्षा द्यायला बसलो. वन्संनी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसली होती, कोण बघणार होतं कुणास ठाऊक. मी पासवर्ड टाकला, पान उघडलं. प्रश्नांच्या आधी एक निवेदन होतं आणि त्याच्यापुढे टिचकी मारायचा चौकोन. मी मोठ्याने वाचलं. मैं घोषणा करती हूँ कि यह पाठ्यक्रम मैंने स्वयं पूरा किया है, और इस खाते का पासवर्ड मैंने किसी को नहीं दिया है.

मी चौकोनाकडे बाण नेला.

"थांब."

मी थांबले.

"पासवर्ड आत्ता कुणी टाकला?"

"मी."

"काल?"

"मीच."

आधी आम्ही दोघी हसलो. इतकं हसलो की वन्संनी डोळ्यांना पदर लावला. चाळीस धडे आम्हाला ती बाई सांगत होती, पासवर्ड कुणाला देऊ नका, घरच्यांनाही नाही, आणि ते धडे आम्ही रोज एकीच्या नावाने दुसरीने उघडून वाचत होतो! आमच्या घरात कपाटाची काय, पेटीची काय, किल्ली खिळ्याला असते, पर्स कुणीही उघडतं. पासवर्ड वेगळा काही असतो हे ऐकलं होतं, लिहून घेतलं होतं, त्याच्या प्रश्नाचं उत्तरही बरोबर दिलं होतं.

मग हसू थांबलं.

"नुसती टिचकी आहे, वन्सं," मी म्हणाले. मी. "तुम्हाला सगळं येतं. माझ्यापेक्षा जास्त येतं. डोळ्यांमुळे तर मी…"

"येतं, हे खरं आहे. दिला नाही, हे खोटं आहे. बंद कर ते."

"पण वही?"

"बंद कर म्हटलं ना."

मी बंद केलं. अभ्यासक्रमवाल्यांना आम्ही पत्र लिहिलं, वन्संनी सांगितलं, मी एकेक अक्षर शोधून लिहिलं. आठवड्याने उत्तर आलं, फार सभ्य. दिसत नसेल तर वाचून दाखवणारं माणूस घेता येतं, त्यासाठी डॉक्टरांचा कागद पाठवा, मंजुरीला महिनाभर लागेल. सभेला आठ दिवस होते.

मला वाटलं संपलं. त्या दुपारी वन्सं म्हणाल्या, "तू दे."

"काय?"

"परीक्षा. तुझ्या नावाने खातं उघड. धडे तूच वाचलेस."

मी म्हणाले, मला नाही जमणार, मी कधी परीक्षा दिली नाही, चौथीची सोडून. वन्सं म्हणाल्या, "जमलं नाही तर नाही. खोटं तर नाही ना?" आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

पुढचे सात दिवस आमच्या घरी पोळ्या वन्संनी लाटल्या. कडेच्या नजरेने तवा बघून. नकाशे यायचे, काही मधोमध करपलेले, कारण मधलं त्यांना दिसायचंच नाही. मिस्टर एकदा म्हणाले, "ताई, ही पोळी तुझ्या डोळ्यासारखी झालीय." वन्सं म्हणाल्या, "खा मुकाट्याने, बायको शिकतेय तुझी." आणि मी आतल्या खोलीत दार लोटून सगळे धडे पहिल्यापासून करत होते, कारण नव्या खात्यात एक झाल्याशिवाय दुसरा उघडत नव्हता. वन्सं खोलीत पाऊल टाकायच्या नाहीत. एकदा एका शब्दावर अडले म्हणून मी हाक मारली तर दाराबाहेरूनच म्हणाल्या, "मी घरात नाही."

पास व्हायला पंचवीसपैकी सतरा लागत होते. मला एकोणीस मिळाले. प्रमाणपत्रावर माझं नाव आलं, इंग्रजीत. मी ते अक्षर अक्षर गावांच्या नावाने वन्संना वाचून दाखवलं. त्यांनी मान तिरकी करून पडद्याचा उजेड बराच वेळ बघितला.

सभा रविवारी सकाळी होती, मंडळाच्या हॉलमध्ये. मी नेहमीसारखी मागच्या रांगेत, भिंतीला लागून. चिटणीसांनी नव्या यादीचा विषय काढला आणि हसत विचारलं, "तो ताईजी, सर्टिफिकेट?"

वन्सं उठल्या. "मिळालं नाही," म्हणाल्या. "माझा पासवर्ड मी भावजयीला दिला होता आणि तिथे लिहायचं होतं की दिला नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. चिटणीस म्हणाले, "अरे ताईजी, एक टिक तो मारायची होती! कोण बघतंय?"

"मी बघत होते ना," वन्सं म्हणाल्या.

हसणं बंद झालं, एकदम नाही, हळूहळू, एकेक रांग करत. मग त्या म्हणाल्या की वहीत त्यांनी एक चूक केलेली आहे, ती अकरा वर्षं कुणाला दिसली नाही, त्यांनाही नाही. "जिला दिसली ती सांगेल." आणि बसल्या.

सगळ्या माना मागे वळल्या. मी उभी राहिले की कुणी उभी केली ते आठवत नाही. जे घरी घोकून ठेवलं होतं, गुप्त प्रश्न, जन्मतारीख, बाहेरचा टायपिंगवाला, ते सगळं गेलं. समोर चिटणीस दिसत होते, आणि मला जो एकच प्रश्न सहज विचारता येतो तो तोंडात आला.

मी म्हणाले, "चिटणीसभाऊंच्या आईचं माहेरचं आडनाव ज्यांना माहीत आहे त्यांनी हात वर करा."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं आणि हात वर केले. आधी म्हाताऱ्या बायकांनी, मग बाकीच्यांनी. एक आजी तर मोठ्याने म्हणाल्या, "माहीत नसायला काय झालं, माझी मावसबहीण ती!" साठ-सत्तर हात होते.

"भाऊ," मी म्हणाले, "तुमच्या बँकेत गुप्त प्रश्न कोणता ठेवलाय?"

चिटणीस वर झालेल्या हातांकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले. मग हळूच खाली बसले, खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "दोन मिनिट द्या हो मला." आता मात्र सगळा हॉल हसला, ते स्वतःही. मी पुढच्या खुर्चीची पाठ धरून ठेवली होती. पण मी बसले नव्हते.

सातवा रकाना यादीत घ्यायचा नाही असं ठरलं. यादी ग्रुपवर जायची नाही, एकाच माणसाकडे राहायची, कुणाला नंबर हवा तर आधी विचारायचं, जसं वन्सं करत होत्या तसंच. चिटणीस मोठ्या मनाचे निघाले. म्हणाले, "सर्टिफिकेट नसलं तरी जबान दिली होती. वही ताईजींकडेच."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. पाच महिने ह्याचसाठी चाललं होतं.

"नको," वन्सं म्हणाल्या. "जी वही मला वाचता येत नाही ती मी कशी सांभाळणार? हिच्याकडे द्या. हिच्याजवळ कागद आहे."

मी काही बोलायच्या आत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मी त्यांच्यावर जवळजवळ ओरडलेच. आधी का नाही सांगितलं? त्या चहा ओतत होत्या, कपाच्या कडेला बोट लावून, किती भरला ते बोटाला कळावं म्हणून. म्हणाल्या, "मलाही हॉलमध्येच कळलं. तू बसली नाहीस तेव्हा."

सगळी वही मी आता लॅपटॉपवर उतरवली आहे, सहा रकाने. लाल वही पेटीत आहे आणि तिचा सातवा रकाना तिच्यातच. वन्संनी तो फाडू दिला नाही, मीही आग्रह धरला नाही. ती नावं कुठे तरी राहायला हवीत हे त्यांचं म्हणणं मला पटतं. फक्त पेटीची किल्ली आता खिळ्याला नसते.

यादीला पासवर्ड लावायचा होता त्या दुपारी वन्सं शेजारीच बसल्या होत्या, सवयीने, मान वाकडी करून. मी लॅपटॉप थोडा दुसरीकडे वळवला. खरं तर गरज नव्हती, पण वळवला. बराच विचार करून टाकला. लांबलचक आहे, माझ्या गावचं, माझ्याच लक्षात राहील असं काहीतरी.

"काय ठेवलास?" वन्संनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं नाही असं कधी झालं नव्हतं. भाजीत काय घातलं इथपासून माहेरून पत्र आलं त्यात काय होतं इथपर्यंत. जीभ उचलली गेलीच होती.

"ते सांगितलं तर मग काय राहिलं?" मी म्हणाले.

मला वाटलं वन्सं दुखावल्या. मग त्यांनी हात पुढे केला, चाचपडत माझा कान शोधला, आणि शाळेतल्या बाई पिळतात तसा हलकेच पिळला.

"चालली असतीस तू," त्या म्हणाल्या, "एक्स्चेंजमध्ये."